समोरच्याचे डोळे दिपले, तर तुम्ही त्याला दिसता का?

प्रश्न

एक पत्रलेखिका रोज सायकलने कामाला जातात, एका बाजूने ११ किलोमीटर. परतताना अंधार पडलेला असतो. त्यातले ७ किलोमीटर पादचारी आणि सायकलस्वार दोघांसाठी असलेल्या, दिवे नसलेल्या अरुंद वाटेवरून आणि उरलेले ४ किलोमीटर मोटारींच्या रस्त्यावरून जायचं असतं. दोन वर्षांपूर्वी बाजूच्या गल्लीतून बाहेर पडणाऱ्या मोटारीने त्यांना पाडलं. चालकाचं एकच वाक्य होतं, "तुम्ही दिसलाच नाहीत." तेव्हापासून हँडलवर १२०० लुमेनचा दिवा जोरात लुकलुकत असतो, हेल्मेटवर दुसरा असतो, मागचा लाल दिवा सर्वांत तीव्र मोडवर असतो आणि अंगात फ्लोरोसंट पिवळं जॅकेट असतं.

आता वाटेवरचे लोक ओरडतात. मागच्या आठवड्यात एक वयस्क गृहस्थ डोळ्यांवर हात धरता धरता वाटेच्या कडेवरून घसरले. लागलं नाही, पण घाबरले. सोबत सायकल चालवणारी मैत्रीण मागे राहायला तयार नसते, आणि कामाच्या ठिकाणी जॅकेटवरून चेष्टा होते ती वेगळीच. त्या विचारतात : "लोकांना दोन क्षण त्रास होतो, माझा जीव वाचतो. दिवा मंद केला तर त्यांच्या सोयीसाठी मीच धोका पत्करला असं होत नाही का? आणि बघून चालवणं ही मोटारवाल्याची जबाबदारी असताना एवढं सगळं मीच का अंगावर चढवायचं?"

उत्तर

"दिसलाच नाहीत" हे वाक्य ऐकलेल्या माणसाने दिसण्यासाठी धडपड करणं अगदी स्वाभाविक आहे. तुमची भीती खोटी नाही, आणि दिवे काढून टाका असं मी मुळीच सांगणार नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही न तपासता धरून चालला आहात : लोकांना जो प्रकाश त्रास देतो, तोच तुम्हाला वाचवतो. हे खरं असतं तर निवड खरोखरच कठीण होती. माझ्या मते ते बहुतांशी खरं नाही.

आधी तुमच्या अपघाताकडेच बघू. मोटार बाजूच्या गल्लीतून आली. म्हणजे चालक तुमच्याकडे समोरून बघत नव्हता, तिरक्या किंवा जवळजवळ काटकोनातून बघत होता. हँडलवरच्या दिव्याचा झोत सरळ पुढे जातो. बाजूने बघणाऱ्याला त्यातला फारच थोडा भाग मिळतो, मग तो दिवा ३०० लुमेनचा असो की १२०० चा. म्हणजे ज्या दिशेने धक्का बसला, त्या दिशेला तुमची सुरक्षितता या खरेदीने फारशी वाढलेली नाही. वाढला आहे तो सरळ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश. आणि तुमच्या वाटेवर समोरून येतात ते बहुतेक पायी चालणारे, ज्यांच्यापासून तुम्हाला धोका नव्हताच.

लुमेन या आकड्यामुळे इथे बराच घोळ होतो. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, हे लुमेन सांगतं. एका ठरावीक दिशेने तो किती तीव्रतेने जातो, ते कँडेला सांगतं, आणि समोरच्याच्या डोळ्यांना त्रास होतो तो कँडेलाचा. मोटारीचा साधा हॅलोजन लो-बीम साधारण १००० लुमेनचा असतो, म्हणजे तुमच्या दिव्याइतकाच. पण समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांच्या दिशेने त्याला नियमाप्रमाणे जेमतेम काही शे कँडेला सोडता येतात. बाकीचा सगळा प्रकाश रस्त्यावर खाली वळवलेला असतो. सायकलचा गोल झोताचा दिवा असं काही करत नाही. तो विजेरीसारखा शंकूच्या आकारात चहूकडे सारखा फेकतो, आणि १२०० लुमेनच्या अशा दिव्याच्या मध्यावर सहज हजारो कँडेला मिळतात. समजा ८००० आहेत. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणून २० मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यावर ८००० भागिले ४००, म्हणजे २० लक्स (एखाद्या जागी किती प्रकाश पडतो, त्याचं माप) पडतात. त्याच अंतरावर नीट लावलेल्या लो-बीमचा प्रकाश एक लक्सही भरत नाही. तुम्ही रोज संध्याकाळी ७ किलोमीटर हाय-बीम लावून पायवाटेवरून जाता आहात, तोही लुकलुकता.

आता "दोन क्षणांचा त्रास" बघू. तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की तो आतल्या भिंगात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरट पडदा धरल्यासारखं होतं. पडद्यामागे वाटेची कड, दगड, कुत्रं आणि तुम्ही स्वतः, सगळं झाकलं जातं. हा पडदा किती दाट होईल, हे दिवा आणि नजर यांच्यातल्या कोनावर ठरतं. कोन निम्मा झाला की पडदा चौपट होतो. रुंद रस्त्यावर समोरची गाडी तीन-साडेतीन मीटर बाजूला असते, अरुंद वाटेवर तुम्ही दीड मीटरवरून जाता. म्हणून जो दिवा रस्त्यावर कसाबसा सहन होतो, तोच वाटेवर असह्य होतो. वयाचाही भाग आहे. प्रकाशशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या हिशोबानुसार ७० वर्षांच्या डोळ्यात हा पडदा तरुण डोळ्याच्या दुप्पट दाट होतो, आणि मोतीबिंदू असेल तर त्याहून जास्त. शिवाय अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि तुमचा झोत ती कमाई दोन सेकंदांत घालवतो. ते गृहस्थ तुम्ही निघून गेल्यावरही पुढची काही मिनिटं चाचपडतच चालले असणार.

यात तुमचं नुकसान काय, तेही बघा. ओरडणाऱ्याला दिसला तो दिवा. ती सायकल आहे, किती रुंद आहे, किती लांब आहे, कोणत्या बाजूने निघणार आहे, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं. डोळे दिपलेला माणूस कोणत्याही बाजूला पाऊल टाकतो, कधी कधी तुमच्याच पुढ्यात. दिपलेला चालकही तुमच्या शेजारून चालणारं मूल बघू शकत नाही. एखाद्याला आंधळं करून आपण त्याला जास्त दिसतो, हा हिशोब जुळत नाही.

मग प्रकाश किती हवा? ताशी २० किलोमीटर वेगाने चालवत असाल, तर लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तरी आठ मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पाचेक. म्हणजे १३-१४ मीटर. ताशी २५ ला १८-१९ मीटर. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यानंतरचं अंतर दुप्पट धरा. थोडक्यात, पुढचे २०-२५ मीटर नीट दिसले की वाट पार होते, आणि त्यासाठी नीट रोखलेले २०० लुमेन पुरतात. दिसण्यासाठी तर त्याहूनही कमी लागतं. काळ्याकुट्ट वाटेवर १०० लुमेनचा स्थिर दिवा कित्येक शे मीटरवरून दिसतो.

"दिवा खाली वळवा" हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. तो बरोबर आहे, पण गोल झोताच्या दिव्याला अपुरा आहे. तुमचा दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर आहे आणि झोताचा मध्य ८ मीटरवर रस्त्याला टेकतो, असं धरू. म्हणजे दिवा जेमतेम साडेसहा अंश खाली झुकला आहे. अशा दिव्यांचा झोत मध्यापासून साधारण १० अंशांपर्यंत चांगलाच तीव्र असतो. म्हणजे झोताचा वरचा भाग आडव्या रेषेच्या तीन-साडेतीन अंश वर जातोच, आणि आडव्या रेषेत मधल्या तीव्रतेच्या निम्म्याहून जास्त प्रकाश असतो. तुम्ही मनापासून दिवा वाकवलात तरी समोरच्याला फरक जाणवत नाही, तो याचमुळे.

भिंगाच्या वरच्या अर्ध्या भागावर काळी टेप चिकटवण्याची युक्तीही चालत नाही. या दिव्यांत भिंगाच्या प्रत्येक भागातून झोताच्या प्रत्येक दिशेला प्रकाश जातो, त्यामुळे अर्धं भिंग झाकलं की वरची बाजू कापली न जाता सगळा झोतच सारखा मंद होतो. टोपीच्या छज्जासारखी पट्टी लावली तर तुमच्या स्वतःच्या डोळ्यांवर येणारी तिरीप थांबते, एवढाच तिचा उपयोग. अडीच सेंटीमीटरच्या भिंगापुढे तीन सेंटीमीटरचा छज्जा पाच अंश वर जाणाऱ्या किरणांपैकी फार तर दहावा हिस्सा अडवतो.

खरा उपाय म्हणजे कटऑफ असलेला दिवा. मोटारीच्या लो-बीमसारखीच त्याच्या झोताला वरून सरळ कड असते : कडेखाली भरपूर प्रकाश, कडेवर जवळजवळ अंधार. जर्मनीतल्या नियमांना सायकलच्या दिव्याला अशी कड लागते, म्हणून तिथल्या मान्यतेची खूण असलेला दिवा शोधणं हा सोपा मार्ग आहे. दिव्याच्या अंगावर नागमोडी रेघ, के हे रोमन अक्षर आणि त्यापुढे आकडे कोरलेले असतात. खरेदीच्या पानावर लुमेन मोठ्या अक्षरात असतील, तुम्ही मात्र झोताचा भिंतीवरचा फोटो शोधा. वरची कड सरळ आडवी दिसली पाहिजे. असा दिवा उलटा टांगू नका. हँडलखाली उलटा लावला की तीच तीक्ष्ण कड खाली जाते आणि सगळा प्रकाश वर, लोकांच्या तोंडावर. दोन्ही बाजूंनी चालेल असं बनवणाऱ्यानेच सांगितलं असेल तरच तसं करा.

दिवा रोखायला अर्धा तास पुरतो. सपाट जमीन आणि भिंत हवी. पुढचा दिवा भिंतीपासून ५ मीटरवर येईल अशी सायकल उभी करा. रोजची बॅग लावा आणि स्वतः सीटवर बसा, कारण मागे वजन आलं की पुढचं तोंड थोडं वर उचललं जातं, आणि रिकाम्या सायकलवर केलेली जुळणी रस्त्यावर फसते. दिव्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर टेपची खूण करा. कटऑफ दिवा असेल तर झोताची वरची कड खुणेच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली आणा. ९० सेंटीमीटर उंचीच्या दिव्याला १० सेंटीमीटर खाली म्हणजे कड ४५ मीटरवर रस्त्याला टेकते, आणि तेवढं भरपूर आहे. सध्याचा गोल झोताचाच दिवा वापरायचा असेल तर त्याचा सर्वांत उजळ ठिपका भिंतीवर जमिनीपासून ३५ सेंटीमीटरच्या आसपास ठेवा आणि मोड १५०-२०० लुमेनच्या वर नेऊ नका. १२०० वरून २०० वर आलात की समोरच्याच्या डोळ्यातला प्रकाश सहापट कमी होतो.

मग क्लॅम्प घट्ट करा आणि हँडलवर दिव्याच्या जागी बारीक रेघ मारून ठेवा. रबरी पट्ट्याचे दिवे खड्ड्यांतून जाताना हळूहळू फिरतात, आठवड्यातून एकदा ती रेघ बघायची. शेवटी कुणाला तरी सायकलवर बसवून तुम्ही स्वतः १५-२० मीटर पुढे उभ्या राहा. आधी उभ्याने बघा, मग गुडघ्यावर बसून बघा. लहान मुलाचे आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेल्याचे डोळे बरेच खाली असतात, लहान मुलाचे तर दिव्याच्या उंचीच्याही खाली, आणि कटऑफ कितीही चांगला असला तरी कडेखालच्या डोळ्यांना तो वाचवत नाही. चढ संपून माथ्यावर येताना झोत आपोआप लोकांच्या तोंडावर जातो, तिथेही तसंच होतं. अशा ठिकाणी वेग कमी करून दिवा सर्वांत खालच्या मोडवर नेणं, एवढंच हातात असतं. म्हणून दिवा निवडताना बटण एकदा दाबलं की तो थेट मंद होतो ना, हे तपासा. काही दिव्यांत मंद मोडवर जाण्यासाठी वाटेत लुकलुक मोड पार करावा लागतो, आणि ज्याला त्रास होऊ नये म्हणून बटण दाबलं त्यालाच तो झटका बसतो.

आता लुकलुकणं. दिवसा, उन्हाच्या लखलखाटात, लुकलुकता दिवा लक्ष वेधतो. त्यात वाद नाही. अंधारात मात्र तो तुमची जागा तुकड्यातुकड्यांत दाखवतो. बघणाऱ्याला तुम्ही किती लांब आहात आणि किती वेगाने येत आहात, हे ठरवायला सलग दिसणारा ठिपका लागतो. तुमचाही रस्ता त्या लुकलुकीत तुटक दिसतो, खड्डा नेमका अंधाराच्या क्षणी येतो. शिवाय सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी तीव्र लुकलुक प्रकाशामुळे झटके येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांना खरोखर धोक्याची असते, आणि दिव्यांचे "स्ट्रोब" मोड याच टप्प्यात येतात. देशोदेशीचे नियमही या बाबतीत सावध आहेत. जर्मनीत सायकलवरच्या लुकलुकत्या दिव्याला मनाई आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून परवानगी आहे, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा या मर्यादेत. तुमच्या भागातला नियम जरूर बघा. माझा सल्ला साधा आहे : अंधार पडल्यावर पुढचा मुख्य दिवा स्थिर. मोटारींच्या रस्त्यावर लुकलुकीशिवाय चैन पडत नसेल तर ५० लुमेनच्या आतला दुसरा छोटा दिवा सेकंदाला एकदा या गतीने ठेवा, आणि वाटेवर वळताना तो बंद करा.

हेल्मेटवरच्या दिव्याबद्दल मी जरा जास्त ठाम आहे. वाटेवर तो नकोच. तो तुमची नजर जाईल तिकडे जातो. समोरच्याने आपल्याला पाहिलं का, हे बघायला तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघता आणि त्याच क्षणी त्याला दिपवता. पंक्चर काढताना किंवा कुलूप उघडताना त्याचा उपयोग आहे, तेवढ्यापुरता ठेवा.

मागच्या दिव्याबाबत तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. दिवसासाठी बनवलेले तीव्र लाल मोड रात्री दोन-तीन मीटर मागून बघवत नाहीत. रात्री ५ ते २० लुमेनचा स्थिर लाल दिवा पुरेसा असतो. एकाऐवजी दोन लावा, म्हणजे एकाची बॅटरी संपली तरी दुसरा राहतो. दोघी सोबत असाल तेव्हा जो काही तीव्र दिवा असेल तो सर्वांत मागे असणारीचा.

मागचा दिवा कुठे लावता याचाही मोठा फरक पडतो. सीटचा दांडा वर जाताना मागे कलतो, त्यामुळे त्यावर सरळ बसवलेला दिवा साधारण १७ अंश खाली, जमिनीकडे बघतो. चांगल्या दिव्यासोबत तिरकी रबरी गादी येते ती यासाठीच, ती फेकून देऊ नका. उलट मागच्या चाकाच्या आसापासून सीटकडे चढणाऱ्या बारीक दांड्यावर तोच दिवा लावला तर तो वर बघतो, थेट मागच्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत. बॅगच्या फितीला अडकवलेला दिवा कुठे बघेल याचा तर नेमच नसतो. दिवा बसवल्यावर बाजूने बघा : त्याचा चेहरा रस्त्याला काटकोनात हवा. आणि लांब जॅकेट किंवा सीटखालची पिशवी त्याला झाकत नाही ना, हे तुम्ही बसल्यावर दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. दिव्यासोबत लाल रिफ्लेक्टरही राहू द्या. त्याला बॅटरी लागत नाही.

आता कपड्यांकडे वळू, कारण तुमच्या अपघाताचं उत्तर इथे जास्त आहे. फ्लोरोसंट पिवळा रंग उजळ दिसतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील आणि निळ्या किरणांमुळे. रात्री ते किरणच नसतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली तुमचं पिवळं जॅकेट साधं फिकट कापड असतं. रात्री काम करते ती चंदेरी परावर्तक पट्टी, जी काचेच्या सूक्ष्म मण्यांमुळे गाडीचा प्रकाश पुन्हा गाडीकडेच परत पाठवते. तिने कुणाचेही डोळे दिपत नाहीत. तिची मर्यादा एवढीच की गाडीचा झोत तिच्यावर पडला पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या मोटारीचा झोत तुमच्यापर्यंत पोचत नाही तोवर पट्टीही गप्प असते, म्हणून बाजूने दिसणारा छोटा दिवा आणि पट्टी अशी जोडी हवी.

पट्टी कुठे लावायची, याचं उत्तर बंद ट्रॅकवर चालकांना गाडी चालवायला लावून शोधलं गेलं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात काळ्या कपड्यांतला सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखला गेला, फ्लोरोसंट जॅकेटातला १५ टक्के, परावर्तक पट्ट्यांच्या जॅकेटातला ५० टक्के, आणि त्याच जॅकेटासोबत घोट्यांना आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या तेव्हा ९० टक्के. शब्द "ओळखला" असा आहे, नुसता "दिसला" असा नाही. पेडल मारणाऱ्या पायांची वरखाली हालचाल माणसाच्या डोळ्याला क्षणात कळते : हा माणूस आहे आणि सायकलवर आहे. तुमचा १२०० लुमेनचा ठिपका हे कधीच सांगू शकत नाही.

तेव्हा दोन्ही घोट्यांना अडीच ते पाच सेंटीमीटर रुंदीची परावर्तक पट्टी बांधा, घोट्याभोवती पूर्ण वळसा घालून, म्हणजे बाजूनेही दिसेल. पेडलवरचे पिवळसर रिफ्लेक्टर काढले असतील तर परत लावा, तेही याच हालचालीवर काम करतात. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्यांना जोडलेलं असतं त्या दांड्यांवर परावर्तक चिकटपट्टी लावा, चाकांच्या आऱ्यांवर किंवा टायरच्या बाजूला परावर्तक असू द्या. अंधारात फिरणारं वर्तुळ बाजूच्या गल्लीतल्या चालकाला दुसऱ्या कशासारखं वाटत नाही. आणि पुढचा दिवा बदलालच तेव्हा बाजूला प्रकाशाच्या खिडक्या असलेला घ्या.

जॅकेट घालून वाकून सायकल चालवली की पाठीवरच्या पट्ट्या आकाशाकडे बघतात, आणि पाठीवर बॅग असेल तर त्या झाकल्याच जातात. बॅगवर स्वतंत्र परावर्तक आवरण घाला. धुताना कापड मऊ करणारं द्रव वापरू नका, त्याचा थर मण्यांवर बसून चमक जाते. ब्लीचही नको. चांगल्या जॅकेटच्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत पट्टी टिकेल तो आकडा असतो. फ्लोरोसंट रंग उन्हाने उडतो, त्यामुळे वाळत घालायचं ते सावलीत.

कामाच्या ठिकाणच्या चेष्टेवर यातूनच मार्ग निघतो. संध्याकाळी अंधारात परतताना पिवळ्या रंगाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. साध्या गडद जॅकेटाच्या बाह्यांवर आणि पाठीवर परावर्तक पट्ट्या, आणि घोट्यांनाही पट्ट्या, एवढं बॅगेच्या कप्प्यात मावतं. सकाळी उजेडात मात्र तो रंग घालाच, कोण काय म्हणतं याची पर्वा न करता. डेन्मार्कमध्ये ६७९३ सायकलस्वारांवर झालेल्या चाचणीत पिवळं जॅकेट घालणाऱ्यांत इजेचे अपघात ४७ टक्क्यांनी कमी नोंदले गेले. नोंदणीतला पक्षपात वजा केल्यावरही फरक ३८ टक्के राहिला. त्याच देशातल्या ओडेन्स शहरात ३८४५ जणांच्या चाचणीत दिवसरात्र सुरू राहणाऱ्या दिव्यांनी इजेचे अपघात १९ टक्क्यांनी कमी झाले. ते दिवे चाकावरच्या चुंबकाने चालणारे, अगदी छोटे होते.

"हे सगळं मीच का" या प्रश्नात रास्त राग आहे आणि मला तो शांत करायचा नाही. बघून चालवणं ही गाडी चालवणाऱ्याचीच जबाबदारी आहे. पट्टी बांधली नाही म्हणून पाडल्याचा दोष पडलेल्यावर जात नाही. कपड्यांची मर्यादाही मान्य करायला हवी. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकलस्वाराचे सात वेगवेगळे पोशाख वापरून बाजूने जाणाऱ्या गाड्यांचं अंतर मोजलं. पोशाखाने फारसा फरक पडला नाही. फक्त पोलीस आणि चित्रीकरण यांचा उल्लेख असलेल्या जॅकेटाला चालकांनी जास्त जागा दिली, आणि पोशाख कोणताही असो, एक ते दोन टक्के चालक ५० सेंटीमीटरच्याही आत घासून गेले. म्हणजे ज्यांनी पाहिलं आहे आणि तरी जागा देत नाहीत, त्यांच्यावर ना पट्टीचा इलाज आहे ना लुमेनचा. पट्टी त्या चालकासाठी आहे, जो तुम्हाला ओळखलं तर थांबेल. असे चालक पुष्कळ आहेत आणि तुमच्या गल्लीतला बहुधा त्यांच्यापैकीच होता. पण मोटारवाल्याच्या निष्काळजीपणाची भरपाई पायी चालणाऱ्याने करावी, हे मात्र मला पटत नाही. वाटेवरचे ते गृहस्थ या भांडणात पक्षकारच नव्हते.

प्रत्येक तक्रार खरी असेलच असंही नाही. दिवा नीट रोखल्यावर, मंद ठेवल्यावरही कुणीतरी ओरडेल, कारण पूर्ण अंधारात कोणताही दिवा खुपतो. तेव्हा भिंतीवरची खूण आठवा आणि शांतपणे पुढे जा. दुसऱ्या सायकलस्वाराचा दिवा तुम्हाला दिपवत असेल तर आपला मोठा करून उत्तर देऊ नका. थांबून "तुमचा दिवा जरा वर आहे" एवढं सांगा. बहुतेकांना ते माहीतच नसतं, कारण आपल्या दिव्यासमोर आपण कधी उभे राहत नाही. पावसात आणि धुक्यातही मोठा मोड लावू नका. थेंबांवरून उलटणारा प्रकाश तुमच्याच डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो.

नवा दिवा घ्यायला वेळ लागणार असेल, तर उद्याच्या संध्याकाळपुरतं एवढं करा : हेल्मेटचा दिवा बंद, पुढचा स्थिर आणि सर्वांत खालच्या मोडवर, मागचा स्थिर, घोट्यांना पट्ट्या. वाटेवर ते गृहस्थ पुन्हा भेटले तर उतरा, माफी मागा, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांना तिथेच उभं राहू द्या. पंधरा-वीस मीटर मागे जाऊन त्यांच्याकडे सायकल चालवत या आणि विचारा, पायाखालची वाट दिसत होती का, आणि येणारी मी सायकलवर आहे हे कुठून कळलं?